लाखेखालचे तीन पेच

रविवार, ६ जानेवारी २०१९

नागपूरहून बदली होऊन जबलपुरात आल्याला आज पाच आठवडे पूर्ण झाले. रांझी भागातील हे भाड्याचे घर मला मनापासून आवडले आहे. स्वयंपाकघर लहान असले तरी मागची खोली बारा फूट बाय दहा फूट, कोरडी आणि दक्षिणेकडे खिडकी असलेली आहे. जुने रंगीत दूरचित्रवाणी संच मिळवून ते पूर्ववत करण्याच्या माझ्या छंदाला याहून योग्य जागा आजवर लाभली नव्हती. नागपूरचे चारही संच मी गाद्यांत गुंडाळून आणले. एकाचीही काच तडकली नाही. लोखंडी पलंग तेवढा वाकला. टीव्हीले गादी आन् पलंगाले काहीच नाही, असं काहून, असे माझ्या पत्नीने, कुंदाने, ट्रकवाल्यादेखत विचारले होते.

आज पाचवा संच आला. १९८४चा, सागवानी पेटीचा, पडद्यापुढे सरकती दारे असलेला. जबलपूरजवळच्या शहपुऱ्याच्या बेबीताईंकडून तो मिळाला. त्यांचे यजमान चिंतामणी संरक्षण कारखान्यात फिटर होते. गेल्या पावसाळ्यात वारले. निघताना बेबीताईंनी दोनदा बजावले की भैया, शोभेला ठेवा, चालू मात्र करू नका. जुन्या विजेच्या उपकरणांविषयी बायकांना वाटणारी ही भीती मला परिचित आहे.

रविवार, १३ जानेवारी

आठवडाभर कचेरीतून आल्यावर रोज दीड तास काम केले. फुगलेले अकरा कपॅसिटर बदलले, तारांचे सुटलेले डाखाचे टाके नव्याने दिले, धूळ ब्रशने काढली. पिक्चर ट्यूब तपासली, तर आश्चर्य वाटावे इतकी निरोगी निघाली. तरीही पडदा काळाच.

कारण आज सापडले. ट्यूबच्या मागच्या टोकाशी फिरवायचे तीन बारीक पेच, म्हणजे स्क्रू, असतात: एक तांबड्या रंगाचा, एक हिरव्या, एक निळ्या. ज्याचा पेच उघडावा, तो रंग पडद्यावर वाढतो. येथे तिन्ही पेच शून्यावर आणून त्यांवर लाखेचे ठिपके दिलेले होते. ठिपके एकाच आकाराचे, कडा स्वच्छ. हा बिघाड नव्हता. कोणीतरी अत्यंत काळजीपूर्वक केलेले काम होते, आणि इतक्या नेटक्या हाताने इतकी मोठी चूक करावी याचा मला राग आला.

तांबड्याची लाख खरवडली. पेच मागे आणि चित्र पुढे, त्यामुळे कारागीर समोर आरसा मांडून बसतात. मी आरसा वापरत नाही. लग्नापासून हे काम कुंदा करते. ती समोर बसून वाढवा, कमी करा, असे सांगते. तिच्या डोळ्यांवर माझा मीटरपेक्षा अधिक विश्वास आहे. आजही ती म्हणाली की थोडं वाढवा, अजून थोडं, बस; आता माझा चहा थंडा होऊन राहिला. पुढे येऊन पाहिले. असा तांबडा रंग मी कोणत्याही संचात पाहिलेला नाही. जणू आताच ओला लावला होता.

बुधवार, १६ जानेवारी

कुंदाचा चेहरा उतरला आहे. ओठ, हिरड्या, तळहात, नखे, कोठेच लाली नाही. सदर बाजारातील एका डॉक्टरांकडे नेले. रक्ताचा अहवाल आला: हिमोग्लोबिन बारा पूर्णांक आठ. डॉक्टर हसून म्हणाले की दीदी, रिपोर्ट के हिसाब से तो आप मुझसे ज़्यादा तंदुरुस्त हैं. तिच्या पापणीखाली पाहिल्यावर त्यांचे हसणे थांबले. त्यांनी पुन्हा तपासणी लिहून दिली.

रविवार, २० जानेवारी

दुपारी हिरवा पेच उघडला. खरे तर कुंदाला आराम द्यायला हवा होता. पण अर्धवट काम मला स्वस्थ बसू देत नाही, आणि तीही म्हणाली की बसल्या जागीच तर सांगायचं आहे, वाटाणे बी सोलून होतील. परातीत शहपुऱ्याचे कोवळे वाटाणे होते. रंग बरोबर जुळल्यावर मी पुढे आलो. परातीतले वाटाणे पांढुरके पडले होते. शेंगांची सालेसुद्धा. कुंदा म्हणाली की बजारवाल्यानं फसवलं. सकाळी ते मीच निवडून आणले होते, हिरवेगार.

चाचणीच्या यंत्रातून पडद्यावर आणलेल्या रंगपट्ट्यांच्या मागे काहीतरी बसल्यासारखे दिसते. यंत्राची तार सोडवली, पट्ट्या गेल्या, तरी ते तसेच राहिले.

सोमवार, २१ जानेवारी

सकाळी कांदा चिरताना कुंदाचे बोट कापले. जे आले ते रक्त नव्हते. निळसर, पातळ. ती हसून म्हणाली की अहो, माझ्यातून तर पेज निघून राहिली. मग तिने माझ्या तोंडाकडे पाहिले आणि ती हसायची थांबली.

पडद्यावर एक बाई बसलेली आहे. मांडीवर परात. परातीत हिरवे वाटाणे.

मंगळवार, २२ जानेवारी

रजा टाकून शहपुऱ्याला गेलो. बेबीताईंनी प्रथम एवढेच विचारले की समोर कोणाला बसवलं. मी सांगितल्यावर त्या जमिनीवरच बसल्या.

त्यांनी जे सांगितले ते शक्य तितके अचूक लिहितो. संच नवा असताना चिंतामणींनी रंग जुळवले, तेव्हा समोर त्यांची आई होती. तांबडा, हिरवा, निळा, तिन्ही. तिसऱ्यानंतर म्हातारी दिसेनाशी झाली. होती, पण दिसत नव्हती. सात महिने स्वयंपाकघरातून तिचा आवाज यायचा, भाजीत मीठ कमी झालं म्हणून बेबीताईंना टोमणेही मारायची. शेवटी चिंतामणींनी तिला परत आणायचे म्हणून तिन्ही पेच बंद केले. त्या क्षणी आवाजही गेला. मग त्यांनी लाख लावली, पुन्हा कोणाला समोर बसवले जाऊ नये म्हणून.

मी विचारले की मग दोन उघडे असताना काय करावे. त्या म्हणाल्या, भैया, जो उघडला तो बंद करू नका आन् तिसऱ्याले हात लावू नका. संचाचे बटण बंद केले तर चालेल का, हे त्यांना ठाऊक नव्हते. घरी पोहोचताच संच सुरू केला. आजवर तो रात्री बंद असे; आता मात्र तो बंद करण्याचा धोका मी पत्करणार नाही.

गुरुवार, २४ जानेवारी

ज्याचा उतारा मिळत नाही अशी गोष्ट मी मानत नाही. संचाला दुसऱ्या कशाचा रंग दिला तर तो कुंदाचा सोडेल, असा माझा तर्क. पडद्यासमोर किलोभर गाजरे मांडली, कुंदाला बाजूला उभे केले आणि तांबडा पेच केसभर वाढवला. गाजरे मुळ्यासारखी पांढरी झाली. कुंदाच्या नखांत गुलाबी छटा आली! तिने दोन्ही हात माझ्यापुढे धरले. मी तिची बोटे मोजल्यासारखी एकेक पाहिली.

चाळीस मिनिटांत छटा गेली. पुन्हा गाजरे, मग बीट. पुन्हा गेली. भाजीचा रंग माणसाच्या अंगी टिकत नाही.

म्हणजे समोर माणूस हवा. कुंदाच्या हे माझ्याआधी लक्षात आले. तिने शपथ घातली की दुसऱ्याच्या लेकराबाळाले बसवायचं नाही.

शुक्रवार, २५ जानेवारी

तीन दिवस संच अखंड सुरू. आत विलक्षण उष्णता. निळ्या पेचावरची लाख तडकली आहे — मी हात लावलेला नाही. पेच सुमारे एक अंश फिरला आहे.

नवी लाख लावली. दोन तासांत तीही सुटली.

दुपारच्या उन्हात कुंदा अंगणात कपडे वाळत घालत होती. तिच्यातून दोरी दिसत होती.

शनिवार, २६ जानेवारी

सकाळी ११. कुंदा आवाजावरून कळते. मागच्या खोलीत मी तिला धडकलो. ती म्हणाली की बत्तीस वर्षांत आज पहिल्यांदा माफी मागितली तुम्ही.

निळा पेच अर्ध्यावर.

माझा निर्णय झाला आहे. समोर मी बसेन, मागे कुंदा. प्रत्येक पेच आणखी अर्धा फेरा, अधिक नाही. तिचे अर्धे तिला परत, माझे अर्धे संचात. दोघेही फिकट होऊ, पण दोघेही दिसू. आमच्या संसाराची याहून न्याय्य वाटणी मला सुचत नाही. ती नको म्हणाली, रडली. मी तिच्या हातात पेच फिरवायचा पेचकस दिला. पेचकस हवेत उभा राहिला.

दुपारी २.१०. समोर बसलो आहे. वही मांडीवर. पडद्यावरची बाई उठली आहे — जागा रिकामी.

२.१४. तांबडा. पाव फेरा. माझी नखे पांढरी. दुखत नाही. थंड.

२.१७. अर्धा. बस म्हणालो. ती थांबली. शाबास कुंदा. आता हिरवा.

२.२१. हिरवा अर्धा. बस म्हणालो. कुंदा बोलत नाही — लक्ष देऊन काम करते आहे — बरोबर आहे —

२.२४. निळा. बस. बस म्हणालो. कुंदा, अर्धा झाला —

थांबत नाही. तांबडाही पुन्हा फिरतो आहे. वहीवर हाताची सावली पडत नाही —

२.२६. स्वयंपाकघराच्या दारात कुंदा. पूर्ण. ओठ लाल, अंगावरचे लुगडे हिरवे, सगळे जसेच्या तसे. रडते आहे, हसते आहे. म्हणते की पहिला पेच जरासा फिरवला आन् पाणी प्यायले गेली होती, माझ्याकडून होत नव्हतं. आन् तुम्ही कोणाशी बोलून राहिले? कुठं आहा तुम्ही?

तिच्या दोन्ही हातांत पाण्याचा तांब्या आहे.

मी येथेच आहे कुंदा येथे खुर्चीत — मागे जाऊ नको — पेचकस अजून फिरतो आहे मागे कोणीतरी — मागे जाऊ न