पेंढ्याचं पारडू

१२ ऑक्टोबर १९८३
आलो एकदाचे बोरीवलीला! गिरणी बंद पडल्यापासून घरी बसलेले आमचे हे आता चक्क एका शेठच्या खाजगी प्राण्यांचे राखणदार झालेत. जंगलाला लागून वाडी, दोन खोल्या, दारात नळ. झकास! मला आठवा लागलाय. आणि गंमत म्हणजे जिची राखण करायची, तीही गाभण. दूरच्या बेटावरच्या, सदा पावसाच्या जंगलातली रानम्हैस. अनोआ म्हणतात तिला. पूर्ण वाढलेली, तरी माझ्या कमरेएवढीच. मी तिचं नाव ठेंगणी ठेवलं. हे म्हणाले, बघू, तुम्हा दोघींत आधी कोण बाळंत होतं ते.

३ नोव्हेंबर
ठेंगणी व्याली. पारडू दुपारपर्यंतच जगलं. ती चाऱ्याला तोंड लावत नाही, सारखी हंबरते. कास दगडासारखी झालीय. तिचा आवाज आला की माझं पोर पोटात गप्प होतं.

५ नोव्हेंबर
ह्यांनी जवळच्या तबेल्यातल्या दत्तारामांना आणलं. ते म्हणाले, सहदेवा, मेल्या पारडाचं कातडं सोडव, पेंढा भर आणि ठेव पुढ्यात. म्हैस ती म्हैस, सोडेल पान्हा. ह्यांनी तसंच केलं. आणि खरंच, तिनं ते पारडू चाटलं, पान्हा सोडला, चाराही खाल्ला. हे खूश, म्हणाले, फसली बघ! मला नाही वाटत ती फसली. तिला ठाऊक होतं, तरी चाटत होती. मी खूप रडले.

२० नोव्हेंबर
चाटून चाटून कातडं फाटलं. सकाळी पाहते तर ती आतला पेंढा खात होती. सावकाश, डोळे मिटून. संध्याकाळी बसली ती उठलीच नाही.

१४ डिसेंबर
मुलगा झाला होता. एक दिवस होता. हे म्हणतात, बरं झालं, नाव नव्हतं ठेवलं. मी ठेवलं होतं.

१६ डिसेंबर
छाती दगडासारखी. घास उतरत नाही. गोठ्यात हे पेंढा उपसतायत. कशाला? गोठा तर रिकामा —

१७ डिसेंबर
मीच शिवलेली कुंची. मीच शिवलेलं अंगडं. आत पेंढा. ह्यांनी पुढ्यात ठेवलं, माझ्याकडे बघवेना त्यांना. म्हणाले, घे गं मालन, तू तरी जग. मी किंचाळले. मग — मग घेतलं.

१९ डिसेंबर
ठाऊक आहे मला. ठाऊक आहे, तरी —
पदर भिजला.

२२ डिसेंबर
आज भूक लागली. हे रडले आनंदानं, भात टाकायला धावले —
मुके घेऊन घेऊन अंगड्याची शिवण उसवलीय. आतून काडी डोकावतेय. तोंडाला पाणी —
अहो, लवकर या —
एकच काडी. एकच —