डांबऱ्याच्या गोळ्या

प्रिय अप्पा,

डांबऱ्या मंगळवारी गेला. तुम्हाला कळवायला हवं म्हणून लिहायला बसले. आईला सांगितलं, तर तिने माझ्याकडे असं बघितलं की आता हिलाच डॉक्टरकडे न्यायची वेळ आली. पण कुत्रा तुमचा होता, मग आणखी कुणाला सांगू? चाळीत सगळ्यांना ठाऊक आहे आणि त्यातल्या निम्म्यांना सुटल्यासारखं वाटलं असणार.

शिवाय एक गोष्ट आपल्यात बोलायची राहिली. तुम्ही होतात तेव्हा मी ती काढली की तुम्ही रेडिओ मोठा करायचात. आता काय मोठं कराल?

तुम्हाला तो कसा सापडला ते आठवतं का? गिरणी चालू होती तेव्हाची गोष्ट. आपल्या असल्फ्याच्या रस्त्याला ताजं डांबर पडलं होतं आणि हे पिल्लू त्यात चारही पाय रोवून बसलं होतं. तुम्ही त्याला उचलून आणलंत आणि गॅलरीत बसून घासलेटच्या बोळ्याने त्याचे पंजे पुसलेत. आई म्हणाली, आपणच चार माणसं एका खोलीत, हा पाचवा कुठे झोपणार? तुम्ही म्हणालात, माझ्या पायाशी. तो खरंच आयुष्यभर तिथे झोपला. दादा बडोद्याला नोकरीला गेला, गिरणीच्या संपात तुमची नोकरी गेली, तुम्ही साकीनाक्याच्या वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून लागलात, पण त्याची जागा बदलली नाही.

तो आजारी पडला तेव्हा मला पहिला संशय खालच्या मजल्यावरच्या चोरगेंचा आला. डांबऱ्या भुंकला की ते काठी आपटायचे. तो खोकायला लागला, खाईनासा झाला आणि त्याचं पोट ढोलासारखं फुगलं. मी म्हटलं, ह्यांनीच काहीतरी घातलं. तुम्ही म्हणालात, उगाच कुणाचं नाव घेऊ नये. मी नाव घेतलं नाही, पण नजर ठेवली. आई म्हणते, मी पाळण्यातसुद्धा एक डोळा उघडा ठेवून झोपायचे.

मग आपण दोघं त्याला टॅक्सीत घालून स्टेशनजवळच्या जनावरांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. तुम्ही अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकलीत. तुम्ही! माझ्या शाळेत कधी न आलेले अप्पा कुत्र्यासाठी सुट्टी काढतात, याचाही मला तेव्हा थोडा राग आला होता.

डॉक्टर तरुण होते, पण सावकाश बोलायचे. बराच वेळ त्याच्या छातीला नळी लावून ऐकत बसले. मग म्हणाले, विषबिष काही नाही, याचं हृदय थकलंय. रक्त पुढे ढकललं जात नाही, म्हणून ते मागे तुंबतं. त्याने लिव्हर सुजलंय आणि पोटात पाणी झालंय. त्यांनी त्याच्या मागच्या पायावर बोट दाबून धरलं आणि काढलं. खळगा तसाच राहिला. दम लागतो का, आडवं झालं की खोकला येतो का, भूक गेली का, असं ते एकेक विचारत होते आणि मी हो हो म्हणत होते. चप्पल घातलेले पाय तुम्ही बाकाखाली आत ओढून घेतलेत. मला वाटलं, अप्पांना कुत्र्याचं फार लागलंय.

डॉक्टरांनी दोन गोळ्या दिल्या. एक हृदयाची, अगदी मोजून द्यायची. दुसरी पाणी काढायची, तिने लघवी जास्त होणार. मीठ बंद, तेल-तूप बंद. मऊ भात, उकडलेली कोंबडी, पातळ ताक. उठताना तुम्ही विचारलंत की पाण्याची गोळी माणसांच्याच दुकानात मिळते का. ते म्हणाले, हो, गोळी तीच. तुम्ही मान हलवलीत. यात संशय घेण्यासारखं काय होतं, सांगा?

घरी आल्यावर तुम्ही जाहीर केलंत की गोळ्या तुम्हीच देणार. क्रोसीन घ्यायलाही ज्यांना आईने दटावावं लागायचं, ते तुम्ही कामावरून आलात की आधी हात धुऊन डांबऱ्याची पुडी काढायचात. भाकरीचा तुकडा मळून त्यात गोळी लपवायचात. आम्ही बघितलं की तो खात नाही म्हणे, म्हणून आम्हाला गॅलरीत पाठवायचात.

पहिल्या काही दिवसांत त्याचं पोट उतरलं. मग पुन्हा भरायला लागलं. डॉक्टरांनी सुई घालून पाणी काढलं आणि माझ्याकडे बघून विचारलं, गोळ्या नीट देता ना? मला ते फार लागलं. मी अंधेरीच्या औषधाच्या कारखान्यात पॅकिंगला आहे, गोळी चुकवणं म्हणजे काय ते मला शिकवायला नको. म्हटलं, दुकानदाराने जुना माल दिला असणार. पुड्यांवरचे शिक्के तपासले, ठीक होते. मग वाटलं, कुणीतरी त्याला खारट सुकट घालतंय. चोरगेंच्या दाराशी वास घेऊन आले. अप्पा, मी खरंच वाकून वास घेतला आणि तेवढ्यात चोरगेवहिनींनी दार उघडलं. मी म्हणाले, काहीतरी पडलंय ते शोधतेय.

त्याच सुमारास आई तुमच्यावर संशय घ्यायला लागली होती. तुम्ही सारखे गॅलरीच्या टोकाला संडासाकडे जायचात. पावलं जड पडायची, जेवण कमी झालं होतं, डोळे पिवळट दिसायचे. एक दिवस आई मला म्हणाली, "सुमन, हे बहुतेक प्यायला लागलेत. गिरणी गेल्यापासून कितीजण लागले." तुम्ही झोपलात की ती तुमच्या तोंडाजवळ वाकायची. वास येत नव्हता, तर म्हणायची, वास न येणारी पीत असतील. एका खोलीत आम्ही दोघी, एक कुत्र्याच्या आजाराच्या मागावर आणि एक नवऱ्याच्या दारूच्या. दोघी शोधत होतो ते एकच होतं, हे कुठे ठाऊक होतं?

रविवार होता. आई कीर्तनाला गेली होती. मी भिंतीकडे तोंड करून पडले होते आणि तुम्हाला वाटलं, मला झोप लागली. समोर कपाटाचा आरसा होता. तुम्ही पाण्याची गोळी काढलीत, अडकित्त्यात धरून दोन तुकडे केलेत. एक भाकरीत घालून डांबऱ्याला भरवलात. दुसरा स्वतःच्या तोंडात टाकून वर पाणी प्यायलात. मग त्याच्या डोक्यावर हात ठेवून हळूच म्हणालात, "अर्धी तुका, अर्धी माका."

मी उठून बसले. तुम्ही दचकला नाहीत. तांब्या खाली ठेवलात. मी तुमचा लेंगा घोट्यापासून वर केला आणि डॉक्टरांनी दाबलं होतं तसं बोट दाबलं. खळगा राहिला. केवढा खोल, अप्पा!

कधीपासून, असं विचारलं, तर म्हणालात, आधीपासूनच. दम वर्कशॉपच्या धुराचा असेल आणि पाय उभं राहून सुजत असतील, असं तुम्ही धरून चालला होतात. "त्या डाक्टरान डांबऱ्याचा जा जा सांगल्यान, ता सगळा माका पण होता हा," तुम्ही म्हणालात. "मगे कळला."

मी ओरडले नाही, पण विचारलं की मग माणसांच्या डॉक्टरकडे का गेला नाहीत. तुम्ही म्हणालात, शेठ दम लागणाऱ्या माणसाला ठेवीत नाही, दुसऱ्या दिवशी घरी पाठवतो. गिरणी गेली तेव्हा घरी बसलेले तुमचे सोबती तुम्ही बघितले होतेत. तुम्हाला तसं भिंतीला टेकून बसायचं नव्हतं. मी म्हटलं, मग निदान स्वतःसाठी वेगळी पुडी आणायची. तुम्ही म्हणालात की दुकानदार ओळखीचा, कुणासाठी म्हणून विचारेल आणि तुम्हाला खोटं बोलता येत नाही. हे मी आजही पचवू शकलेले नाही. घरातल्या सगळ्यांना फसवणाऱ्या माणसाला दुकानदाराशी खोटं बोलता येत नव्हतं!

"कोणाक सांगू नको गो," एवढं तुम्ही म्हणालात. मी संध्याकाळीच आईला सांगितलं. ती आधी हसली, दारू नाही म्हणून. मग पदर तोंडाला लावला.

सरकारी हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आधी कुणाचं औषध चालू होतं? तुम्ही सरळ सांगितलंत, कुत्र्याच्या डॉक्टरांचं. त्या लिहायच्या थांबल्या. तपासून झाल्यावर म्हणाल्या, हृदय मोठं झालंय, लिव्हरला सूज आहे. वाक्य न् वाक्य मी आधी ऐकलेलं होतं. मी तुमच्याकडे बघितलं, तर तुम्ही चक्क हसत होतात, पेपर आधीच फुटलेल्या पोरासारखे.

नोकरी गेलीच. पण तुम्ही भिंतीला टेकून बसला नाहीत, ते डांबऱ्यामुळे. दोघांच्या गोळ्या वेगळ्या झाल्या, जेवण मात्र एकाच पातेल्यातलं बिनमिठाचं. तुम्ही दोघं ताटाकडे एकाच चेहऱ्याने बघायचात. सकाळी दोघं टेकडीच्या पहिल्या वळणापर्यंत जायचात. कोण कुणासाठी थांबतंय ते लांबून कळायचं नाही. मी मात्र नजर ठेवून होते. लोणच्याच्या बरणीवर दोरा बांधून ठेवला होता. एकदा तो सुटलेला दिसला. तुम्ही डांबऱ्याकडे बोट दाखवलंत आणि त्यानेही शेपूट हलवून आळ अंगावर घेतला.

तुम्ही गेलात ते भर दुपारी, चहा होईपर्यंत पडतो म्हणून. आई कप घेऊन आली, तर डांबऱ्या तुमच्या पायाशी बसून होता आणि तिला जवळ येऊ देईना. त्याला मी उचलून बाजूला केलं. गुरगुरला, पण चावला नाही.

तुमच्या मागे त्याने अख्खा पावसाळा काढला, दिवाळीही बघितली. गोळ्या मी दिल्या, पूर्ण, डॉक्टरांनी सांगितल्या तशा. रोज पोटाला सुतळी गुंडाळून घेर बघायचे. शेवटी तो उठेना. मंगळवारी सकाळी मांडीवर डोकं घेऊन ताक पाजत होते, ते त्याने गिळलं नाही. चोरगे वर आले आणि त्यांनी त्याला गोणपाटात घेतलं. टेकडीमागे खड्डाही त्यांनीच खणला. मी त्यांच्याकडेसुद्धा नीट बघून घेतलं. डोळे खरंच ओले होते.

आता ती राहिलेली गोष्ट. मी जनावरांच्या डॉक्टरांना विचारलं, ते दिवस त्याला अर्धीच गोळी मिळाली, त्याने त्याचं आयुष्य कमी झालं का? ते म्हणाले, सांगता येणार नाही. खरंच सांगता येत नव्हतं, की मला वाईट वाटू नये म्हणून म्हणाले? मला वाटतं, कमी झालं. आणि तुम्हालाही तसंच वाटत होतं. म्हणून तर मी विषय काढला की रेडिओ वाजायचा. अप्पा, त्याच्या तोंडातलं औषध काढताना तुमचा हात कसा वळला? पण निम्मं त्याला घालताना तरी कसा वळला? स्वतःला धाप लागलेली असताना दुसरा कुणी पूर्ण गोळी गिळून मोकळा झाला असता. मी या दोन प्रश्नांच्या मध्ये बसून आहे. माफ केलंय की नाही, ते मलाही ठरवता येत नाही.

एक मात्र ठरवलंय. ऐन थंडीत आई गेले काही दिवस बसून झोपते, आडवी झाली की खोकते. उशी पाठीशी, डोकं कपाटाला. विचारलं तर म्हणते, गरम होतं. मी नुसती हो म्हणाले. सोमवारी कारखान्यात रजा टाकली आहे. माझीच छाती दुखते, सोबत चल, असं सांगून तिला हॉस्पिटलात नेणार आहे. आत गेल्यावर डॉक्टरीणबाईंना म्हणेन, आधी हिला बघा. ती चिडेल, चाळभर सांगेल की मुलगी खोटारडी आहे. सांगू दे. तुम्हाला वचन देते, या घरातल्या माणसाने "मला काही झालं नाही" म्हटलं, की मी एका अक्षरावर विश्वास ठेवणार नाही.

तुमची,
सुमन