समुद्राकडची बाजू

पोर्थमाइन, वेल्स
१४ मे, मंगळवार

प्रिय नेस्टा,

तुझं पत्र पोचलं. गुडघे बरे असतील, आणि मँचेस्टरात पाऊस असेलच. मी ठीक आहे, कोंबड्या ठीक आहेत. अक्षर एवढं मोठं का म्हणून हसू नकोस. नेहमीचं पेन सापडेना, म्हणून पोत्यांवर नावं घालायच्या जाड पेनानं लिहितोय.

शनिवारी तू आलीस की कड्यावरून फिरायला जायचं हे नक्की. बेत मी मनात कितीदा आखला आणि कितीदा मोडला. सकाळच्या बसने दीपस्तंभापर्यंत जायचं आणि चालत घरी यायचं, म्हणजे वारा पाठीवर राहील. पण वारा फिरला तर? मग घरून निघू. पण घरून निघालो आणि परतीची बस चुकली तर? शेजारच्या ओल्वेनला विचारलं, तर म्हणते, "इडवल, दोन म्हातारी माणसं फिरायला चालली आहेत, फौज नाही." तिला काय जातंय बोलायला.

पाव, चीज आणि लोणच्यातले कांदे मी घेतो. मनुकांचा केक ओल्वेन देणार आहे. चहाचा थर्मास मात्र तू धर, माझ्या हातून हल्ली सांडतो. कड्यावर गुलाबी फुलं आली आहेत म्हणे.

एक सांगायचं राहिलं. सील प्राण्यांच्या खाडीपुढची वाट बदलली आहे. हिवाळ्यात तिथला कडा कोसळला, म्हणून वाट आत ग्लिनच्या शेतातून नेली आहे. मला ग्लिननेच सांगितलं.

कसं सांगितलं तेही लिहितो, नाहीतर ओल्वेन मीठमसाला लावून सांगेल. गेल्या आठवड्यात मी एकटाच वाट तपासून यायला गेलो होतो. ती वाट पायांना पाठ आहे, तुला माहीत आहे. मध्येच हाताला कुंपण लागलं. वाटलं, ग्लिनने मेंढ्यांसाठी घातलं असेल. ओलांडून पुढे गेलो. मागून ग्लिनचा आवाज आला. ओरडला नाही तो, अगदी हळू बोलला. "इडवल, आहेस तिथेच थांब. पुढे जमीन नाही."

जवळ येऊन त्याने माझा पट्टा धरला आणि मागे ओढलं. मग म्हणाला, "एवढी मोठी लाल पाटी आहे. दिसली नाही तुला?"

नाही दिसली, नेस्टा. मला समोरचं दिसत नाही. कडेकडेचं दिसतं. माणूस पुढ्यात उभा राहिला तर कान दिसतात, तोंड दिसत नाही. डॉक्टर म्हणाले, हे वाढत जाणार. नाताळात तू तुझ्या घराजवळच्या वृद्धाश्रमाचं काढलंस आणि मी फोन आपटला, तेव्हाही हेच होतं. तुला कळलं तर तू मला इथून उचलून नेशील, ही धास्ती. इथे चुलीपासून कोंबड्यांपर्यंत सगळं हाताला ठाऊक आहे. तिथे मी दाराची कडी शोधत बसेन.

शनिवार असाच निभावून न्यायचा विचार होता. पण बाबांचा नियम आठवतो ना? कड्यावर मोठ्याने समुद्राकडून चालायचं, धाकट्याने आतून. तू अजूनही आतूनच चालतेस, आणि माझ्या भरवशावर इकडेतिकडे बघत गप्पा मारतेस. त्या विचाराने मला झोप नाही.

तर या खेपेला समुद्राकडून तू चाल. मी आतून, तुझी बाही धरून. वाट वळली की सांग, फुलं आली की सांग. आश्रमाचं घरी परतल्यावर काढ, चहा झाल्यावर. ऐकून घेईन. समोरासमोर फोन आपटता येत नाही.

पण हे वाचून येणं मात्र रद्द करू नकोस.

तुझा मोठा भाऊ,
या शनिवारपासून आतल्या बाजूचा,
इडवल