शंकरचे ओठ

८ जाने. ७३
शंकरच्या आईकडे, गोदाबाईकडे पाहुणा. बलबीर, फौजेतून सुटलेला, पंजाबकडचा. म्हणतो, शंकर गेला तेव्हा शेजारीच होतो, जागच्या जागी गेला, काही बोलला नाही. लढाईला वर्ष झालं आणि आता आठवण झाली? शंकर गिरणीत माग चालवायला माझ्याच हाताखाली शिकला. मी गिरणी सोडून महाल भागात कापडाचं दुकान टाकलं, त्यानं फौज धरली. घरी तार आली, प्रेत नाही. म्हातारी म्हणून कोणाचंही ऐकते.

११ जाने.
बलबीर अजून तिथंच. शंकरच्या खाटेवर निजतो. लंगडतो. दर वेळी तोच पाय का, पाहायचं आहे. सौ. म्हणे, "तुमाले देव भेटला तरी रेशनकार्ड मागसान." मागीन की.

१४ जाने.
संक्रांत. तिळगूळ घेऊन गोदाबाईकडे. खरं म्हणजे कान घेऊन. आज बलबीर सांगत होता, शंकर शेवटी "माँ" म्हणाला. मग सोमवारी "काही बोलला नाही" म्हणाला, त्याचं काय? आणि शंकर आईला "बाई" म्हणायचा, जन्मभर.
गोदाबाई मात्र तृप्त. बलबीरला लेक म्हणून घरातच ठेवायचं मनात आहे. "भाऊ, तुमी माणूस पारखता. तुमी हो म्हना, मंग ठेवीन."

१६ जाने.
बलबीरला दुकानी बोलावलं. चहा, आलूबोंडा, गोड गोड बोलणं. मग हळूच विचारलं. त्यानं कप खाली ठेवला.
"माँ नहीं बोला था. माई का मन रखने को कह दिया."
मग? गोळीबारात आवाज कुठला ऐकू येतो म्हणे. शंकर चार हातांवर, याच्याकडे पाहून नुसते ओठ हलवले. म्हटलं, करून दाखव. दाखवलं. मी ओळखलं, हे गिरणीतलं.
लूम खात्यात खडखडाटापायी कानाचं काम नाही. आम्ही सगळे ओठांनीच बोलायचो. पाण्याला, बिडीला निघालं की शेजाऱ्याला: माग पाह्य. मी येईस्तोवर माझा माग सांभाळ. पंजाबी माणूस हे रचेल कुठून?
पोरानं स्वतःच आपलं घर याला सोपवून दिलं म्हणायचं. गोदाबाईला उद्या हो सांगतो.

१७ जाने.
गेलो नाही. दाढी करताना आरशात ओठ हलवून पाहिले. माग पाह्य. मागं पाह्य. दोन्ही सारखेच. फरक कानाला, डोळ्याला नाही.
"मागं" असेल तर शंकर याला सावध करत होता. आणि हा?
दुपारी गाठून विचारलं, ओठ हलल्यावर तू काय केलंस. "भागा," एवढंच. कुठं, कोणाकडं, काही नाही. मीही पुढं विचारलं नाही. का नाही, कोण जाणे.

१९ जाने.
गोदाबाई स्वतः दुकानात. बलबीरनं तिला खरं सांगून टाकलेलं. गिऱ्हाईक समोर, तरी थेट विचारलं, शंकर काय म्हणाला. मी म्हटलं, नक्की नाही सांगता येत.
"सांगू नका, भाऊ. दाखवा."
तिचाही जन्म गिरणीतच गेला. दाखवलं. पुन्हा दाखवायला लावलं. पदरानं तोंड पुसलं.
"माग," म्हणाली.
मी म्हटलं, मागं बी असू शकते, बाई.
"ते बी दिसलं मले."
गिऱ्हाईक निघून गेलं. मी कापडाच्या ठाणाच्या घड्या घालत बसलो. ती हलेना. शेवटी म्हटलं, उद्या सांगतो.
"दोघाचं दळण आनलं आहे," म्हणाली. "लवकर सांगजा."