कुंभारीची सात दहा

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज सकाळी सात वाजून सोळा मिनिटांनी ती म्हणाली, "बसा की, एवढी जागा आहे." माझं जे काय बदलायचं ते तिथं बदललं. आधीचा मी वेगळा, नंतरचा वेगळा. लिहून ठेवतो.

कुंभारीहून शहरात येणारी सात दहाची बस. मी मोजणीला. कुठल्या थांब्यावर किती चढले, किती उतरले, एवढंच टिपायचं. पुण्याची कंपनी त्यावरून सोलापूरच्या सगळ्या बसमार्गांची नवीन आखणी करणार आहे म्हणे. कॉलेज सोडल्यावर मिळालेलं पहिलं काम. फळी, कागद, गळ्यात ओळखपत्र. बरा दिसतो त्यात.

नाव रेणुका. लॅब टेक्निशियनचा कोर्स, दुसरं वर्ष. घरी तेलुगू. वडील यंत्रमागावर कामाला. कन्नड थोडं कळतं. उतरताना मी मुद्दाम कन्नडात "बरतीनि", म्हणजे येतो, म्हणलं तर हसली. खालचा दात एक वाकडा आहे. लई छान वाकडा आहे.

चार्टवर माझी कुंभारी उद्या होती खरं तर, बुधवारी. आजचा होता विजापूर रोड. बरोबरच्या मोजणीदार इम्रानशी अदलाबदल केली. मंगळवारी त्या पट्ट्यातल्या टॉवेल कारखान्यांना सुट्टी असते. इतर दिवशी गाडीत पाय ठेवायला जागा नाही, कामाच्या बायका दारापर्यंत दाटलेल्या, आणि रेणुका (इथून पुढं रे.) कुठं तरी मागं. आधी दोनदा गेलो तेव्हा नुसती वेणी दिसली. वेणीशी काय बोलणार?

इम्रान म्हणाला, "जा मजनू, जा. तारीख चार्टवालीच डाल, नै तो जाधव सर दोनों कू भगाते." टाकली. ५ फेब्रु., बुध. तो उद्या विजापूर रोड करून आजची तारीख टाकेल. फिट्टंफाट.

एकूण चढले अकरा. त्यातली एक रे.

११ फेब्रुवारी, मंगळवार

काम नसताना कुंभारीला गेलो आणि सात दहानं परत आलो. तिनं ओळखलं. "आज पण मोजताय?" म्हणलं, "नाही, आज असंच." पुढं काय बोलावं सुचेना. मोजणीबद्दलच बडबडलो.

मग तिनंच विचारलं कॉलेजचं. सांगितलं सगळं. तिसरं वर्ष सिव्हिल, तोंडी परीक्षा, सर सगळ्यांसमोर म्हणाले, तुझ्या बापानं तिकिटं फाडली तशी तू पण फाड. मी ड्रॉइंगची गुंडाळी त्यांच्या टेबलावर आपटून निघून आलो ते आलोच.

"राग आला म्हणून सोडलंत?"

"हो."

"मग राग गेल्यावर परत का नाही गेलात?"

आजवर एवढे जण बोलले, हे कुणी विचारलं नव्हतं. पुढच्याच थांब्यावर उतरलो. माझा थांबा तो नव्हताच.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

सात रस्ता चौकात मोजणी. दुचाकी, रिक्षा, बस, ट्रक, सायकल. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. धूळ नाकात. एक रिक्षावाला दोन फेऱ्यांपासून बघत होता. म्हणतो, "साहेब, मला दोनदा लिहा, दोनदा गेलोय." म्हणलं, चारदा लिहितो, सरक पुढं. हसला.

रे. ला भेटता आलं नाही. हात मोजत होते, डोकं सात दहात.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

आज जे झालं ते लिहायला हात होत नाही.

सकाळी कुंभारीच्या थांब्यावर कागद चिकटवलेला. प्रवासीसंख्या अपुरी असल्याने १ मार्चपासून सात दहाची फेरी बंद. बायका वाचून घेत होत्या एकमेकींकडून. मी कंडक्टरशी भांडलो. तो बिचारा म्हणाला, "मी काय करू भाऊ, मी तर रोज चेंगरतोय."

तसाच ऑफिसात. जाधव सर चहा पीत होते. (आमचे सुपरवायझर, इथलेच, बाळीवेशीतले. पुण्याच्या लोकांना गाव दाखवतात.) मी ओरडलो, "सर, कुंभारी कुणी मोजली? कुठल्या गाढवानं मोजली?"

सरांनी लॅपटॉप माझ्याकडं फिरवला. बुधवार, ५ फेब्रुवारी. चढले : अकरा. मोजणीदार : माझं नाव. कुंभारीची मोजणी ती एकच.

"मलाही कमी वाटलं होतं," सर म्हणाले. "मुद्दाम बुधवार दिला होता, मंगळवारी तिकडं सुट्टी असते म्हणून. पण म्हणलं, पोरगं इंजिनीअरिंगचं आहे. आकडा चुकवायचं नाही."

मी खुर्चीत बसलो. पाणी मागितलं. कुणी तरी दिलं.

आकडा चुकलेला नाहीच. अकराच होते.

१ मार्च, शनिवार

गेलो बघायला. न जाऊन करणार काय? सात दहाला रस्ता मोकळा. पाऊण तास बायका उभ्या. मग टमटम. एकात किती कोंबल्या ते मोजलं नाही, मोजवेना. लक्ष्मीअक्का म्हणून एक आहे, टॉवेलला गाठी मारायच्या खात्यात काम करते, दणकट, सगळ्यांच्या वतीनं तीच बोलते. गळ्यात ओळखपत्र बघून माझ्याकडंच आली.

"तुमी हापिसातले व्हय? मग सांगा की साहेबाला, आमी काय उडत जावावं काय? धा मिनिटं उशीर झाला की मुकादम अर्धा दिवस कापतोय."

म्हणलं, मी नुसता मोजणारा.

"मग नीट मोजा की वो!"

सगळ्या हसल्या. मी पण हसलो. तोंड कुठं लपवावं कळेना.

रे. शेवटच्या टमटममध्ये, ड्रायव्हरच्या शेजारी, अर्धी बाहेर. माझ्याकडं बघितलं नाही.

४ मार्च, मंगळवार

रे. भेटली. प्रॅक्टिकलला दोनदा उशीर झाला, तिसऱ्यांदा झाला तर आत घेणार नाहीत. वडिलांना ते टमटममध्ये लोंबकळणं पसंत नाही. म्हणालेत, महिनाभर बघू, नाही तर बंद कर कोर्स. तिच्यासाठी स्थळ बघणं आधीच चालू आहे.

मी म्हणलं, "मी सोडत जाईन. गाडी आहे माझ्याकडं."

"आणि घरी काय सांगू? आणि अक्काला कोण सोडणार? बाकीच्यांना?"

मग तिनं विचारलं ते मला माहीत होतं येणार म्हणून.

"तुम्हीच मोजलं होतं ना? मग इतके कमी कसे काय भरले?"

"कंपनीवाले काय पण करतात," मी म्हणलं.

लिहिताना सुद्धा लाज वाटते. सरांच्या टेबलावर गुंडाळी आपटणारा मी. मला खोटं चालत नाही असं जगाला सांगत फिरणारा.

५ मार्च, बुधवार

साडेसहापासून कुंभारीला, स्वतःचा कागद घेऊन. आठपर्यंत सत्तावन्न माणसं. बहुतेक बायका. एकेकीचं कुठं जाणार ते पण लिहिलं. कागद घेऊन सरांकडं.

सरांनी नीट वाचला. मग म्हणाले, "हे टमटमचे प्रवासी झाले. बसच नाही तर बसचे म्हणून कसे दाखवू?"

"पण सर, बस काढली म्हणून तर..."

"मला कळतं रे. मी इथलाच आहे. पण कागद कागदासारखा लागतो." मग थांबले. "एकच रस्ता आहे. जुनी नोंद चुकीची आहे असं मोजणाऱ्यानं स्वतः लिहून दिलं, तर फेरमोजणी मागता येते. फेरी आठवडाभर परत सोडून बघतात. पुढच्या बुधवारी दहाला मार्गांची बैठक आहे, त्यानंतर आखणी पक्की. तुझ्या नोंदीत काही चूक आहे का?"

माझ्याकडं बघत राहिले.

"नाही सर."

'नाही' का म्हणलो? का?

७ मार्च, शुक्रवार

इम्रान. पार्क चौकात पाणीपुरी खात सांगितलं त्याला, मी लिहून देणार आहे. त्यानं प्लेट खाली ठेवली.

मी मंगळवारी कुंभारीत होतो म्हणल्यावर विजापूर रोडला कोण होतं, हा पुढचा प्रश्न. त्याचा कागद पण खोटा. सर दोन मिनिटांत शोधतील. आणि त्याला पुढच्या कामावर सुपरवायझर करणार आहेत, घरी आत्तापासून सांगून बसलाय.

"मेरा नाम मत ले."

"न घेता कसं लिहू? तूच सांग."

"मत लिख फिर." मग शांतपणे म्हणाला, "तेरेकू छोडने की आदत है भाई. कॉलेज छोड्या, ये बी छोडेगा. मेरेकू नै है."

त्याला मारावंसं वाटलं. हात उचलला पण. आजूबाजूचे बघायला लागले. मग लक्षात आलं, त्यानं काय चूक सांगितलं? अदलाबदल मागायला मी गेलो होतो त्याच्याकडं.

९ मार्च, रविवार

अप्पा जेवताना पेपर वाचत होते. सात दहा बंद झाल्याची दोन ओळींची बातमी. अप्पांनी सत्तावीस वर्षं एसटीत कंडक्टर म्हणून काढली, निम्मी मंगळवेढा गाडीवर. बसचं काही आलं की घास थांबतो.

"अकरा माणसं? त्या गाडीला? कोण मोजायला बसलं होतं, त्याला आमच्या डेपोत पाठवा जरा. मंगळवेढ्याच्या बाजाराला आमची गाडी टपापर्यंत भरायची, दुसऱ्या दिवशी मी आणि ड्रायव्हर. गाडी रिकामी का गेली ते बाजूला लिहायचं असतं. आम्ही दहावी झालेली माणसं लिहीत होतो."

अव्वानं, म्हणजे आईनं, माझ्या ताटात भाकरी टाकली. "तुमच्याच ऑफिसातला असंल की रे तो. ओळखतोस?"

"बघतो," म्हणलं. भाकरी तशीच ठेवून उठलो.

कागदावर 'शेरा' म्हणून रकाना होता. रिकामा सोडला होता मी. त्या वेळी कोण शेरा लिहितंय.

११ मार्च, मंगळवार

सांगितलं.

थांब्यावर. रे. एकटीच, अक्का वगैरे नव्हत्या, सुट्टी. सगळं सांगितलं, बुधवार, मंगळवार, तारीख, अकरा. आणि कशासाठी ते पण. आठ दिवस पाठ केलं होतं, नीट काही आलं नाही. मध्येच 'वेणी' म्हणालो.

ती रस्त्याकडं बघत म्हणाली,

"म्हणजे माझ्यामुळं गेली गाडी?"

"तुझ्यामुळं नाही. माझ्यामुळं."

"मला विचारलं होतं का? रिकाम्या गाडीत बसायचं का म्हणून?" आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "मला त्या गर्दीत बरं वाटायचं. अक्का पिशवी धरायची माझी. त्या सगळ्या असल्या की वडील काळजी करायचे नाहीत."

मी सॉरी म्हणलं.

"सॉरी मला कशाला? ज्यांना कळायला पाहिजे त्यांना सांगितलं का?"

"उद्या बैठक आहे."

"मग उद्या सांगा. आणि मला त्यासाठी परत भेटायला येऊ नका. त्यांना कळलं की कळेल मला. गाडी आली तर दिसेलच."

टमटम आली. बसली. पुढच्या सीटवर नाही, मागं, आत.

तिथून थेट इम्रानच्या घरी. दारात गाडी धूत होता. म्हणलं, उद्या देणार आहे लिहून, तुला आधी सांगायला आलो. वर बघितलं नाही. चाकावर पाणी मारत राहिला. ते चाक आधीच स्वच्छ होतं. मी थोडा वेळ उभा राहिलो आणि आलो.

१२ मार्च, बुधवार

सकाळ. पाच कागद फाडले. पहिल्यात कंपनीला शिव्या. दुसऱ्यात नियमांना. तिसऱ्यात इम्रानचं नावच नव्हतं, आणि वाचून बघितलं तर तो कागद पण खोटाच ठरत होता. चौथ्यात रडगाणं. पाचव्यात तिचा उल्लेख आला होता, तो कुणाच्या बापाला कळायची गरज नाही.

सहावा असा : कुंभारी सात दहाची मोजणी मी मंगळवार ४ फेब्रुवारीला केली व तारीख बुधवारची टाकली. मंगळवारी तिकडच्या कारखान्यांना सुट्टी असते हे मला माहीत होतं. अदलाबदल माझ्या आग्रहावरून झाली, सहकारी इम्रान यांनी ती माझ्या सांगण्यावरून मान्य केली. विजापूर रोडच्या नोंदीची तारीखही त्यामुळं चुकली आहे, आकडे बरोबर आहेत. कुंभारीची फेरमोजणी व्हावी.

सही. खाली पूर्ण नाव.

इम्रानला तीनदा फोन केला. वाजतोय. उचलत नाही.

हे काम जाणार, ते दिसतंय. फेरमोजणी देतील का, दिली तर आठवडाभर बायका परत येतील का, का टमटमची सवय झाली असेल, रेणुकाचे वडील तोवर थांबतील का, काही सांगता येत नाही. बैठकीत आत घेतील का हे पण माहीत नाही. नाही घेतलं तर बाहेर उभा राहीन. यावेळी आपटून निघून यायचं नाही. विचारतील तेवढ्या प्रश्नांची उत्तरं द्यायची. रात्रीपासून एवढंच घोकतोय.

अप्पा बाहेरून विचारतायत, एवढं आवरून कुठं? म्हणलं, ऑफिसात. म्हणाले, त्या कुंभारीवाल्या पोराचं लागलं का काही? म्हणलं, येऊन सांगतो.

सव्वानऊ. कागद शर्टाच्या खिशात. वही गादीखाली ठेवतो, निघतो, दार ओढून घेतो.