हॉर्न न वाजवता आलेला टँकर

लातूर, एप्रिल, सोमवार

आज टँकर हॉर्न न वाजवता आला. मीच ड्रायव्हरला विनवलं होतं. हॉर्न वाजला की माझी गौरी कान दाबून भिंतीवर डोकं आपटून घेते. ऑटिझम हाय, असं डॉक्टर म्हणाले. पाच वर्षांची पोर, तिला आवरू की घागरी भरू?

पण अख्खी गल्ली त्या हॉर्नच्याच भरवशावर असते, हे माझ्या ध्यानात कसं आलं नाही? की आलं होतं? आम्ही जवळच्या चार घरांनी पाणी भरलं तेवढ्यात टँकर पुढच्या गल्लीला निघून गेला. संध्याकाळी टोकाच्या घरातल्या कमलकाकू कोरडी घागर घेऊन आल्या.

"हॉर्न ऐकूच आला न्हाई गं. माझे कान गेले का काय?"

मी त्यांची घागर भरून दिली. हॉर्नचं काही बोलले नाही.

पुढच्या खेपेला वाजव, असं ड्रायव्हरला सांगावंच लागेल. पण आज टँकर उभा असताना गौरी पहिल्यांदा उंबऱ्याबाहेर आली. गळक्या पाइपाखाली हात धरून लई वेळ हसत उभी होती. एरवी हे मी धावत जाऊन कमलकाकूंनाच सांगितलं असतं.