अंदाजाने बेतलेला कोट

३ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. बाबूचं लग्न ठरलं हे वाचून मी मशीनवरून उठले, दुकानभर फिरले आणि सांगायला कुणी नाही म्हणून पुन्हा मशीनवर येऊन बसले. इस्त्रीवाल्याला सांगितलं असतं, पण त्याने मुलगी कोण, कशी, असं विचारलं असतं आणि मुलाच्या आईला यातलं काहीच ठाऊक नाही हे उघडं पडलं असतं. तेव्हा मुलीबद्दल सविस्तर लिही. नुसतं ‘छान आहे’ लिहू नकोस. छान तर पडद्याचं कापडही असतं.

लग्नाचा कोट मीच शिवणार. कापड घेतलंय, गडद निळं, बोटांना गार लागणारं. तुला माहीतच आहे, ही कोटाची सवय मी बायबलातल्या हन्नाकडून उचलली. बाबूचे वडील गेले, दुकानामागच्या एका खोलीत तापलेल्या इस्त्र्यांमध्ये पाच वर्षांचं पोर सांभाळणं जमेना आणि मी त्याला तुझ्या ओटीत घातलं. त्याच रविवारी पाळकसाहेबांनी नेमका तिचाच उतारा वाचला. बाईने मुलगा देवाच्या घरी ठेवला आणि दरवर्षी त्याच्यासाठी एक झगा शिवत राहिली. शास्त्रात ती रडली आहे, नाही असं नाही, पण ते मूल होण्याआधी. देऊन टाकल्यावर ती शिवायला बसली. मला ते पटलं. शास्त्रात बायकांना सल्ले पुष्कळ आहेत, पण माझ्या धंद्यातला तेवढा एकच.

माप पाठवू नकोस. आजवर मागितलं नाही, तर आता कशाला? समोरच्या बेकरीवाल्याचा मुलगा आपल्या बाबूच्याच वयाचा आहे. खांद्यावरचं पीठ झटकायच्या निमित्ताने मी दरवर्षी त्यालाच टेप लावते. वय तेच, वाढ तीच.

घरी सगळ्यांना विचारलं म्हणून सांग. लोभ असू दे, थोडा सैल बसला तरी चालेल.

तुझी,
ताई


१२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मुलगी शाळेत चित्रकला शिकवते. दारात यायच्या आधी तिचं हसणं घरात येतं. पहिल्याच भेटीत तिने मला सांगितलं की काकू, तुमचा चहा पाणचट असतो. म्हणजे तुझी उणीव आता या घरात भासणार नाही.

बेकरीवाल्याच्या मुलाचं मी मोठ्याने वाचून दाखवलं, तर हे हसता हसता खुर्चीवरून घसरले. अगं ताई, तो पोरगा आहे तरी केवढा? बाबू म्हणजे नुसता बांबू! दरवर्षी तुझा कोट येतो आणि त्यात बाबू आणि एक उशी असे दोघं आरामात मावतात. मी समजत होते, तू वाढत्या अंगाचं शिवतेस. कॉलेज संपलं, मिशा आल्या, नोकरी लागली, तरी कोट वाढत्या अंगाचाच. मी मनात म्हणायचे, आईला पोर वाढायचं थांबलं हे पटत नसेल.

शिवणी आत घेऊ का, असं दरवर्षी विचारते. तो हात लावू देत नाही. आहे तसाच घालतो. कचेरीत त्याला तंबू म्हणतात.

पण लग्नाचा तरी अंगाचा हवा ना! मी तंबूशी लग्न करणार नाही, असं सूनबाईंनी जाहीर केलंय. काल माप घ्यायला बाबूला बोलावलं, तर उठून बाहेर गेला. रागावला की काय, कळेना. तूच टेप घेऊन ये ना. बरीच वर्षं झाली गं.

लोभ आहेच, चहासारखा पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
धाकटी


१९ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचलं आणि रस्ता ओलांडून बेकरीत गेले. त्या मुलाला आज पहिल्यांदा नीट पाहिलं. जाड आहे गं. चांगलाच जाड आहे. रोज समोर असलेलं माणूस जाड होत गेलेलं कळत नाही आणि समोर नसलेलं बारीक राहिलेलं कळत नाही.

म्हणजे इतकी वर्षं मी दुसऱ्याच्या पोराचे कोट शिवून तुझ्याकडे पाठवत होते. अवघडातल्या अवघड अंगाचं गिऱ्हाईक माझं नाव विचारत येतं आणि माझ्या मुलाला लोक तंबू म्हणतात. हसायला आलं, पण दुकानात एकटीने हसलं की आवाज फार मोठा होतो. म्हणून थांबले.

छाती, खांदा, बाही आणि उंची पोस्टाने पाठव. मी येणं नको. तो लहान असताना मी येऊन गेले की दिवसचे दिवस जेवायचा नाही, असं तूच लिहिलं होतंस आणि न येण्याचं आपण दोघींनी मिळूनच ठरवलं. त्यात माझा हात आता इतका बसलाय की दुसरं काही जमत नाही. आई म्हणून तूच उभी राहा. मांडवात व्याह्यांनी माझ्याकडे बोट दाखवून ही कोण असं विचारलं, तर त्या पोराने काय उत्तर द्यायचं? त्याला अवघडून उभं राहिलेलं मला बघवणार नाही.

कापड कापायचं थांबवलंय. लवकर लिही. लोभात कसर नको.

तुझी,
ताई


२६ फेब्रुवारी

ती. मोठ्या आईस,
सा. न. वि. वि.

माप मी पाठवणार नाही. आईनेही पाठवायचं नाही, असं तिला बजावलंय.

तुमच्या प्रत्येक पार्सलातल्या चिठ्ठीत मी हन्नाची गोष्ट वाचत आलो. परवा मूळ उतारा काढून वाचला. मोठी आई, तुम्ही अर्धाच ऐकलात. ती झगा शिवायची हे खरं, पण तो दरवर्षी स्वतः घेऊन जायची. तिच्या मुलाला, शमुवेलाला, झगा पोस्टमन आणून देत नव्हता.

मी जेवायचो नाही, हे खरं असेल. आता जेवतो. होणारी बायको म्हणते की जरा जास्तच जेवतो, आणि ते जातं कुठे हा तिला प्रश्न आहे.

कोट मी कधीच आत घेऊ दिले नाहीत. ते घातले की वाटायचं, लांब कुणीतरी आपल्याला एवढा मोठा समजतं. मी एवढा नाही. एकदा येऊन बघून जा.

व्याह्यांचं म्हणाल, तर त्यांना मी सांगून टाकलंय की कोट शिवणारी माझी आई आहे आणि ती लग्नाला येणार आहे. आता मला खोटं पाडायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. माप मात्र त्याआधी घ्यावं लागेल.

वाट बघतो आहे.

तुमचा,
बाबू


११ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

सुखरूप पोचले. तू दिलेला डबा गाडीतल्या शेजारणीने निम्मा संपवला आणि वर मीठ कमी आहे म्हणाली. मुलगी चांगली आहे. माझा चष्मा वाकडा बसतो असं म्हणून तिने तो स्वतःच्या हाताने सरळ केला. तिला नावं ठेवायला काही सापडेना, म्हणून परतीचा प्रवास जरा कंटाळवाणा झाला.

छातीचं माप मी पुन्हा पुन्हा घेत होते, तेव्हा तू आतून ओरडलीस की ताई, एकदा लिहून का घेत नाहीस? आकडा मला पहिल्याच खेपेला पाठ झाला होता. पण छातीचं माप घ्यायचं तर दोन्ही हात माणसाच्या पाठीमागून न्यावे लागतात, आणि टेपची टोकं पुढे जुळेपर्यंत आपलं तोंड त्याच्या सदऱ्याच्या बटणापाशी येतं. गिऱ्हाइकं त्या वेळी छताकडे बघतात. तोही आधी बघत होता. मग त्याने आडवे धरलेले हात खाली घेतले आणि माझ्या पाठीवर ठेवले. टेप सुटली आणि घरंगळत कपाटाखाली गेली. दोघांपैकी कुणी ती उचलली नाही. झाडताना तुला सापडली, तर आहे तिथेच असू दे. मी नवी घेतली.

लग्नाला येते. आईच्या जागी तूच उभी राहा, मी शेजारी उभी राहीन. कुणी विचारलं, तर बाबू सांगेल काय सांगायचं ते.

कोट निम्मा झालाय. खरंच बारीक आहे गं. कापड उरलं.

हन्ना झगा घेऊन गेली, इथवर शास्त्राने लिहून ठेवलंय. परत येताना तिचं काय झालं, याची कुणी चौकशी केलेली नाही. मी आता सांगू शकते. जाताना हातात काहीतरी असतं. येताना हात रिकामे असतात, आणि ते कुठे ठेवावेत हे घरापर्यंत सुचत नाही.

कळावे. लोभ जवळच राहू दे.

तुझी,
ताई